जाड उशी की बेताची? धावण्याच्या बुटांचा इतिहास आणि मोजले न गेलेले भारतीय पाऊल

दुकानात दोन खोकी उघडून ठेवलेली असतात. एका बुटाचा तळ जाड आणि लुसलुशीत, पाऊल आत रुतेल असा. दुसऱ्याचा तळ बेताचा, अंगठ्याने दाबला तर लगेच मूळपदावर येणारा. दोन्ही बूट रोजच्या सरावासाठीच बनलेले, किंमतही जवळपास सारखीच. अग्निवीर भरतीची १.६ किलोमीटरची धाव डोळ्यांपुढे ठेवून पहाटे उठणारा एखादा तरुण असो, की यंदा पहिली अर्धमॅरेथॉन पूर्ण करू पाहणारी विद्यार्थिनी, या ठिकाणी दोघेही अडखळतात. घरखर्चातून बाजूला काढलेले चार-पाच हजार रुपये एकदाच खर्च होणार असतात. अशा वेळी विक्रेता एक वाक्य सांगतो आणि प्रश्न मिटतो : "उशी जितकी जाड, तितका गुडघा सुरक्षित."

हे वाक्य ऐकायला विज्ञानासारखे वाटते. त्याचा इतिहास मात्र विज्ञानाचा कमी आणि बाजाराचा अधिक आहे. हा इतिहास आज आठवण्याचे कारण म्हणजे एक राष्ट्रीय सर्वेक्षण. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशाच्या पाच विभागांतील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक भारतीयांच्या पावलांची त्रिमितीय यंत्रांनी मापे घेतली. त्यातून 'भा' ही पादत्राणांची भारतीय मापपद्धती सुचवली गेली आणि २०२४ मध्ये तिची बातमी सर्वत्र पोहोचली. वरवर पाहता धावण्याच्या बुटातील उशीशी या बातमीचा संबंध दिसत नाही. तो किती जवळचा आहे, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१९६० च्या रोम ऑलिंपिकपासून सुरुवात करू. इथिओपियाचा अबेबे बिकिला तेथे अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत त्याने मॅरेथॉन जिंकली. ही कथा बहुधा अनवाणी पायाचा विजय म्हणून सांगितली जाते. तिच्यातील एक साधा तपशील मात्र मागे पडतो. उपलब्ध बुटांपैकी एकही जोड त्याच्या पायाला नीट बसेना, म्हणून त्याने सरावातली अनवाणी सवयच कायम ठेवली, असे सांगितले जाते. चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला आणि त्याने २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत पुन्हा सुवर्णपदक मिळवले.

भारतातही असा एक धावपटू होऊन गेला. बिहारमधील बक्सरचा आणि सैन्यदलात असलेला शिवनाथ सिंग तळपायांना चिकटपट्टी लावून अनवाणी धावत असे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये तो मॅरेथॉनमध्ये अकरावा आला. १९७८ मध्ये जालंधर येथे त्याने नोंदवलेली २ तास १२ मिनिटे ही वेळ चार दशकांहून अधिक काळ राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली. त्या काळात बहुसंख्य भारतीय विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणारा धावण्याचा बूट म्हणजे शाळेच्या कवायतीचा पांढरा कॅनव्हासचा बूट. त्याला रबराचा सपाट तळ असे आणि उशी जवळपास नसेच.

मग उशी आली कोठून? तिची गरज अव्वल धावपटूंमुळे निर्माण झाली नाही. ती सामान्य माणसामुळे निर्माण झाली. अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६२ मध्ये न्यूझीलंडला गेले. तेथे आर्थर लिडियार्ड यांच्या प्रेरणेने मध्यमवयीन माणसे आरोग्यासाठी संथ धावताना त्यांनी पाहिली आणि ती कल्पना ते मायदेशी घेऊन आले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या फ्रँक शॉर्टरने मॅरेथॉन जिंकली आणि तेथे धावण्याची लाटच उसळली. आता रस्त्यावर उतरला होता तो कार्यालयात बसून काम करणारा, चाळिशीकडे झुकलेला, वजनाने भारी माणूस. पायांखाली मातीऐवजी डांबर आणि काँक्रीट आले. त्याचे गुडघे आणि नडग्या दुखू लागल्या, आणि त्या दुखण्याला उत्तर म्हणून बुटाच्या वरच्या भागात आणि खालच्या रबरात एक मऊ थर शिरला.

तो थर होता इथिलिन व्हिनाइल ॲसिटेट, म्हणजेच ईव्हीए या बहुवारिकाच्या फेसाचा. बंद बुडबुड्यांनी भरलेला हा फेस रबरापेक्षा कितीतरी हलका होता. ब्रूक्स या अमेरिकी कंपनीने १९७० च्या दशकाच्या मध्यात तो धावण्याच्या बुटात आणला आणि काही वर्षांतच तो जगभर रूढ झाला. अवकाश उद्योगात काम केलेल्या फ्रँक रूडी या अभियंत्याने वायूने भरलेल्या पिशव्या तळात बसवण्याची कल्पना मांडली. १९७८ मध्ये नायकीचा त्या तंत्राचा पहिला बूट आला. १९८६ मध्ये जपानच्या असिक्सने जेल आणले. प्रत्येक नव्या पदार्थासोबत एकच आश्वासन येत होते : धक्का कमी, म्हणून दुखापत कमी.

या आश्वासनामागचा तर्क शालेय भौतिकशास्त्राचा आहे. झेल घेताना क्षेत्ररक्षक हात मागे का नेतो, हे नववीच्या पुस्तकात असते. चेंडूच्या संवेगात होणारा बदल तेवढाच राहतो, पण तो घडायला लागणारा काळ वाढतो आणि त्यामुळे हातावरील बल घटते. बुटातील उशीने हेच करावे, अशी अपेक्षा होती. धावताना पाऊल सुमारे पाव सेकंद जमिनीवर असते आणि तेवढ्यात जमिनीकडून येणारे बल शरीराच्या वजनाच्या दोन ते अडीच पटींपर्यंत चढते. तासाभरात दहा किलोमीटर धावणाऱ्याची मिनिटाला १६५ पावले धरली, तर सुमारे दहा हजार पावले होतात. म्हणजे प्रत्येक पायावर पाच हजार आघात. प्रत्येक आघातातून थोडे बल कमी झाले तर दुखापत का टळू नये?

या तर्कात एक गृहीतक लपलेले आहे. त्यात पाय हा चेंडूसारखा निर्जीव मानला आहे. प्रत्यक्षात पाय म्हणजे जिवंत स्प्रिंग. पोटरी, गुडघा आणि मांडी यांचे स्नायू तिचा ताठरपणा पावलागणिक बदलत असतात. १९९८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डॅनियल फेरिस, क्लेअर फार्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की मऊ पृष्ठभागावर धावताना माणूस आपला पाय अधिक ताठ करतो आणि कठीण पृष्ठभागावर तो सैल सोडतो. त्यामुळे शरीराच्या वस्तुमानकेंद्राची हालचाल जवळपास तशीच राहते. उशी जे देते त्यातला काही भाग पाय स्वतःच परत घेतो. २०१८ मध्ये फिनलंडमधील संशोधकांच्या एका छोट्या प्रयोगात बारा धावपटू दोन प्रकारच्या बुटांत धावले. वेग वाढल्यावर जाड उशीच्या बुटात पाय अधिक ताठ पडला आणि सुरुवातीचा आघात कमी होण्याऐवजी वाढलेला आढळला. बारा जणांवरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही, हे खरे. पण 'उशी जितकी जाड, तितका गुडघा सुरक्षित' हे वाक्य स्वयंसिद्ध नाही, एवढे त्यातून निश्चित होते.

दरम्यान बाजार दुसऱ्याच दिशेने गेला होता. पाऊल टेकल्यावर आत किती कलते यावरून धावपटूंची वर्गवारी करायची आणि कलणाऱ्या पावलासाठी तळाच्या आतल्या बाजूला कठीण आधार द्यायचा, ही पद्धत १९८० नंतर दुकानांत रुळली. पुढे अमेरिकी सैन्यदलांच्या हजारो प्रशिक्षणार्थींना तळपायाच्या कमानीनुसार बूट दिले गेले, तेव्हा दुखापती घटल्या नाहीत. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या धावपटूंना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर पाहिले गेले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही, ज्यांचे पाऊल आत कलते त्यांना अधिक दुखापती होतात, असे दिसले नाही. त्याआधी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जुने शोधनिबंध तपासून एक अवघड गोष्ट नोंदवली होती. टाचेखाली उंच उशी आणि कलण्यावर नियंत्रण असलेला जो बूट वर्षानुवर्षे सुचवला जात होता, तो दुखापत टाळतो असे दाखवणारा एकही मूळ प्रयोग त्यांना सापडला नाही.

एका टोकाच्या दाव्याला उत्तर म्हणून दुसरे टोक पुढे आले. २००९ मध्ये ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचे 'बॉर्न टू रन' हे पुस्तक गाजले. २०१० मध्ये हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी 'नेचर'मध्ये दाखवले की सवयीने अनवाणी धावणारे अनेकदा चवड्यावर उतरतात आणि त्यांच्या पावलात टाचेवरचा तीव्र प्रारंभिक आघात दिसत नाही. या शोधनिबंधाने अनवाणी धावल्याने दुखापत टळते असे म्हटले नव्हते. बाजाराने मात्र तसेच ऐकले. पातळ तळाच्या बुटांची लाट आली, अनेकांच्या पोटऱ्या आणि पावलांची हाडे दुखावली, आणि पाच बोटांचे बूट बनवणाऱ्या व्हिब्रम कंपनीने आरोग्यविषयक दाव्यांवरून झालेला खटला २०१४ मध्ये ३७.५ लाख डॉलर देऊन मिटवला. त्याच सुमारास, २००९ मध्ये फ्रान्समधील आनसी येथे सुरू झालेल्या होका कंपनीने नेमकी उलटी वाट धरून अतिजाड तळाचे बूट आणले होते. दहा वर्षांच्या आत एकाच जगाला 'उशी काढून टाका' आणि 'उशी दुप्पट करा' असे दोन्ही उपदेश सारख्याच आत्मविश्वासाने ऐकवले गेले.

मोजमापाने स्पष्ट उत्तर दिले ते वेगळ्या प्रश्नाला. तो प्रश्न होता वेगाचा. २०१३ मध्ये आदिदासने लाह्यांसारखे फुलवलेले बहुवारिकाचे दाणे एकत्र जोडून बनवलेला तळ आणला. २०१७ मध्ये नायकीने त्याहून हलका फेस आणि कार्बनची पट्टी एकत्र केली. कोलोरॅडो विद्यापीठातील प्रयोगशाळेत तीन बुटांची तुलना झाली, तेव्हा दाबलेल्या तळाने परत दिलेली ऊर्जा अनुक्रमे ६५.५, ७५.९ आणि ८७ टक्के भरली. सर्वांत 'परतफेडी' बुटात धावण्यासाठी लागणारी ऊर्जा सरासरी ४ टक्क्यांनी कमी झाली. परिणाम इतका ठळक होता की २०२० मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने रस्त्यावरील स्पर्धांसाठी तळाच्या जाडीवर ४० मिलिमीटरची मर्यादा घातली. यातून रोजच्या सरावासाठी घ्यायचा धडा एवढाच की जाडी, मऊपणा आणि ऊर्जेची परतफेड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जाड तळ कठीण असू शकतो आणि पातळ तळ मऊ असू शकतो. दुकानातील 'कुशनिंग' हा एक शब्द या तिघांना एकाच पोत्यात भरतो.

मग मऊ आणि कठीण यांत निवड करायला काहीच पुरावा नाही का? आहे, आणि तो चांगल्या प्रतीचा आहे. लक्झेंबर्गमधील लोरां मालिसू आणि सहकाऱ्यांनी ८४८ हौशी धावपटूंना दिसायला सारखे, पण तळाच्या कठीणपणात वेगळे बूट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटले. कोणाला कोणता बूट मिळाला हे धावपटूंनाही ठाऊक नव्हते आणि नोंदी ठेवणाऱ्यांनाही. सहा महिन्यांच्या नोंदींवर आधारित निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. कठीण तळाच्या गटात दुखापतीचा धोका सुमारे दीडपट होता. वजन जास्त असलेल्यांना मऊ उशीची गरज अधिक, अशी सर्वसाधारण समजूत असते. या प्रयोगात मऊ तळाचा लाभ दिसला तो वजनाने हलक्या धावपटूंमध्ये. भारी धावपटूंमध्ये दोन बुटांत तसा फरक आढळला नाही. चाळीस वर्षे उशी विकली गेल्यानंतर तिच्याविषयी असा प्रयोग झाला, आणि त्याने विक्रेत्याचे वाक्य अर्धे खरे ठरवून अर्धे उलटवले.

येथवरच्या प्रत्येक प्रयोगात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : बूट पायाला बसलेला आहे. उशी कोठे जाड असावी, तळ कोठे वाकावा, कमानीखालचा आधार कोठे यावा, हे सारे ठरते ते फर्म्यावरून. ज्या साच्याभोवती बूट शिवला किंवा चिकटवला जातो, तो हा फर्मा. आणि फर्म्यात पाऊल असते कोणाचे? आपल्या दुकानांतील बुटांचे आकडे इंग्रजी, युरोपीय किंवा अमेरिकी. इंग्रजी मापातील एका नंबराचे अंतर म्हणजे एक जव, अर्थात एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. आपल्याकडेही कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ यवांचे एक अंगुल मानलेले आहे. जवाच्या दाण्याने लांबी मोजण्याची कल्पना आपल्याला परकी नव्हती. परका होता तो आकड्यांमागचा पाय. इंग्रजी नंबर स्वातंत्र्यापूर्वीच रुळले, आणि पुढेही भारताची स्वतःची मापपद्धती उभी राहिली नाही.

केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणाचे महत्त्व येथे आहे. भारतीय पाऊल सरासरीने युरोपीय आणि अमेरिकी पावलापेक्षा रुंद असल्याचे त्यातून समोर आले. वेगवेगळ्या प्रदेशांसाठी वेगळ्या पद्धती लागतील अशी आधी शंका होती, पण सर्व भारतीयांसाठी एकच पद्धत पुरेल असा निष्कर्ष निघाला. रुंदी कमी पडते म्हणून लोक गरजेपेक्षा लांब बूट घेतात आणि सैल बूट निसटू नये म्हणून नाडी करकचून आवळतात, हेही नोंदवले गेले.

या सवयीचा उशीवर काय परिणाम होतो, ते पाहा. रुंदीसाठी एक नंबर मोठा बूट घेतला की लांबी साडेआठ मिलिमीटरने वाढते. चवड्याची रुंदी मात्र वाढते जेमतेम दोन मिलिमीटर. हवे होते ते थोडेच मिळते आणि नको होते ते भरपूर. तळ वाकण्याची रेषा बोटांच्या सांध्याच्या पुढे सरकते. कमानीखालचा आधार जागा सोडतो. टाच सैल पडते आणि पाऊल आत घसरते. प्रयोगशाळेत मोजलेली ८७ टक्के परतफेड असो, की लक्झेंबर्गमधील मऊ तळ, तो जेथे असायला हवा तेथे पाऊलच नसेल तर त्याचा हिशेब कोणासाठी? दोन उश्यांमधील निवड आपण करतो असे आपल्याला वाटते. पण तिच्या आधीची आणि अधिक मूलभूत निवड फर्मा बनवणाऱ्याने आपल्याशिवाय केलेली असते.

म्हणून त्या दोन खोक्यांपुढे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला इतिहास आणि प्रयोग मिळून जो क्रम सांगतात, तो असा. आधी पाऊल मोजावे. दिवसभरात पाऊल थोडे फुगते, म्हणून संध्याकाळी कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची रेषा काढावी आणि लांबी व चवड्याची सर्वाधिक रुंदी मिलिमीटरमध्ये घ्यावी. दुकानात बुटातील सुटा अस्तर-तळ बाहेर काढून त्यावर उभे राहावे. पाऊल कडेबाहेर येत असेल, तर तो बूट कितीही मऊ असला तरी आपला नाही. नंबर वाढवण्यापूर्वी त्याच बुटाची रुंद आवृत्ती मागावी. काही कंपन्या 'टू-ई' अशा खुणेने ती बनवतात. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पुरेशी असते.

दोन्ही बूट या परीक्षेत उतरले, तरच उशीचा प्रश्न येतो. तेथे कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी अनेक दशकांच्या अभ्यासानंतर मांडलेला विचार उपयोगी पडतो : शरीराला जो बूट सुखकर वाटतो, तो निवडावा. हे वाक्य फार साधे वाटते, पण ते आळसातून आलेले नाही. आघात आणि कलणे यांवर दुखापतीचे गणित नीट बसेना, तेव्हा ते पुढे आले. दोन्ही बूट घालून काही मिनिटे खरोखर धावून पाहावे, नुसते चालून नव्हे. अंगाने हलके असाल आणि दोन्ही सारखेच सुखकर वाटत असतील, तर मऊ तळाकडे झुकायला पुरावा आहे. वजन अधिक असेल तर केवळ त्या कारणाने जाड उशीसाठी जास्त पैसे मोजायला पुरावा नाही. शर्यतीच्या बुटातील ४ टक्के रोजच्या सरावात शोधू नयेत. आणि फेस कायम टिकत नाही. शेकडो किलोमीटरनंतर त्याचे बुडबुडे दबून बसतात. बुटाचा वरचा भाग शाबूत दिसला तरी तळ म्हातारा झालेला असू शकतो.

'भा'सारखी पद्धती प्रमाण म्हणून स्वीकारली जाणे आणि तिच्यावर बेतलेले फर्मे कारखान्यांत पोहोचणे, यातच तिचे खरे यश आहे. तोवर कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी हीच आपली प्रयोगशाळा. रोममध्ये बिकिला अनवाणी जिंकला याची आठवण आपण काढतो, आणि ती काढावीही. पण त्याच्यासमोर पायाला बसणारा एकही बूट नव्हता, हेही त्यासोबत लक्षात ठेवावे. पहाटे मैदानावर धावणाऱ्या आपल्या मुलामुलींना बूट निवडताना पहिला प्रश्न पडायला हवा तो मापाचा. उशीचा प्रश्न त्यानंतरचा आहे.